घासाघीस

माझे वडील रत्नागिरीत जन्मले, तिथेच शाळेत मराठी शिकवू लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. आयुष्यभर त्यांनी मासे खाल्ले. मिरकरवाड्याचे बंदर आमच्या घरापासून सायकलने पंधरा मिनिटांवर होते. तरीही वयाच्या शहात्तराव्या वर्षापर्यंत ते मासेमारीच्या होडीत एकदाही बसले नव्हते. याचे मला कधी नवल वाटले नाही, कारण आमच्या ओळखीतले कोणीच तसे बसलेले नव्हते. समुद्र आमच्या ताटात होता, बोलण्यात होता, बाबांच्या वर्गात कवितांच्या निमित्ताने होता. त्यावर जाणारी माणसे मात्र निराळी होती. ती पहाटे जात, आणि त्यांच्या घरातल्या बायका दहाच्या सुमारास पाटी घेऊन आमच्या दारात येत. आमच्या आणि समुद्राच्या मध्ये त्या पाटीएवढे अंतर होते.

ते अंतर बाबांनी ओलांडले ते जुलै २०२४ मध्ये, घरापासून हजारो मैलांवर, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, आणि तेही पैसे मोजून.

केप कॉडच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात मासेमारीसाठी बोट भाड्याने मिळते. तिला चार्टर म्हणतात. लहान बोटीवर पैसे देणारे प्रवासी जास्तीत जास्त सहा. त्यांच्याखेरीज एक कप्तान आणि बहुधा त्याचा एक मदतनीस. गळ, दोऱ्या, आमिषे सगळी बोटीची. प्रवाशाला स्वतःचा परवानाही काढावा लागत नाही, बोटीच्या परवान्यात त्याची सोय असते. कुटुंबे येतात, मित्र येतात, चार तास समुद्रावर घालवून फोटो आणि मासे घेऊन परततात. आम्ही मी, नवरा, मुलगा, बाबा, एक मैत्रीण आणि तिची मुलगी असे बरोबर सहाजण होतो. कप्तानाला बाबा पहिल्या क्षणापासून 'तांडेल' म्हणू लागले, मदतनिसाला 'खलाशी'. त्या दोघांना हे शब्द आवडले असावेत, कारण उतरेपर्यंत ते एकमेकांना त्याच नावांनी हाका मारत होते.

बंदरावर पहिलाच पेच उभा राहिला तो केळ्यांचा. बाबांनी वाटेत भूक लागेल म्हणून डझनभर केळी घेतली होती. तांडेलाने पिशवीत डोकावून पाहिले आणि अत्यंत नम्रपणे ती गाडीतच ठेवून येण्याची विनंती केली. बोटीवर केळे असले की मासा लागत नाही, अशी तिकडच्या मच्छीमारांत जुनी समजूत आहे. माझ्या मुलाला हसू आवरेना. बाबा मात्र गंभीर झाले. "दर्यावर जाणाऱ्याला काहीतरी मानावं लागतं," ते म्हणाले आणि स्वतः जाऊन केळी ठेवून आले. मग त्यांनी मला मधे घालून तांडेलाला नारळी पौर्णिमेची माहिती दिली: आमच्याकडे जून-जुलै हे दोन महिने यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, समुद्र खवळलेला असतो, माशांचा विणीचाही काळ असतो, आणि श्रावणी पौर्णिमेला नारळ अर्पण करून दर्या पुन्हा खुला मानतात. तांडेलाला सगळ्यात नवल वाटले ते याचे की, ज्या जुलैत त्याची वर्षाची कमाई होते त्याच जुलैत आमच्या होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात.

आम्ही निघालो ते रॉक हार्बर या चिमुकल्या बंदरातून. इथे भरती-ओहोटीतला फरक सुमारे दहा फुटांचा. ओहोटीला बंदराबाहेर मैलभर वाळू उघडी पडते. म्हणून बोटी घड्याळावर नव्हे, भरतीवर सुटतात. पाण्याची वाट दाखवण्यासाठी वाळूत झाडांचे बुंधे ओळीने रोवलेले असतात. भर समुद्रात उभी असलेली ती निष्पर्ण झाडे पाहून बाबा बराच वेळ गप्प राहिले. पुढे बिलिंग्जगेटचा उथळ भाग लागला. तिथे एके काळी बेट होते. त्यावर दीपगृह होते, मच्छीमारांची घरे होती. समुद्राने ते हळूहळू खाल्ले आणि १९४०च्या दशकापर्यंत पुरते गिळले. आता त्या बेटाच्या जागेवर मासे चांगले मिळतात. तांडेलाने हे सगळे एखाद्या गल्लीची माहिती द्यावी तसे सांगितले.

मासेमारी म्हणून आम्ही जे केले त्यातले बहुतेक काम खलाशाने केले, हे मान्य करायला हवे. छत्रीच्या काड्यांसारख्या तारांच्या सांगाड्याला रबरी ईल लटकवलेले, तो सांगाडा बोटीमागे पाण्यात ओढत न्यायचा आणि काठी वाकली की आमच्यापैकी एकाने चाक फिरवत दोरी गुंडाळायची. कुठे, किती खोल, किती वेगाने हे ठरवणारे दोघे निराळेच. आम्ही त्या क्रियेतले शेवटचे दहा टक्के विकत घेतले होते. हौस म्हणतात ती हीच. थोरो याच राज्यातला. दुर्गाबाई भागवतांनी 'वॉल्डनकाठी विचारविहार' या नावाने मराठीत आणलेल्या त्याच्या पुस्तकात मासे धरण्याबद्दल एक कबुली आहे: गळ टाकला की स्वतःविषयीचा आदर थोडा उणावतो, असे त्याला अलीकडे वारंवार जाणवू लागले होते. मी वर्गात ते वाक्य अहिंसेच्या अंगाने शिकवत आले आहे. बोटीवर मला प्रथमच वाटले की आदर उणावण्याचे आणखीही एक कारण असू शकते: ज्याच्यावर आपले पोट नाही ते काम आपण करमणूक म्हणून करतो, आणि ज्याचे आहे तो शेजारी उभा राहून आपल्याला शाबासकी देतो.

वाट पाहताना बाबांना त्यांची आवडती गोष्ट आठवली. आमच्या घरात ती पन्नासदा तरी सांगून झाली असेल. हेमिंग्वेच्या कादंबरीचा पु. ल. देशपांड्यांनी केलेला अनुवाद, 'एका कोळियाने', ते आठवीच्या वर्गात वाचून दाखवत. म्हातारा एकटा दूर समुद्रात जातो, प्रचंड मासा गळाला लागतो, हा भाग रंगात आलेला असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "पण सर, तो एकटा कशाला गेला? होडीला माणसं लागतात. एकटा गेला तर असंच होणार." सगळा वर्ग हसला, बाबाही हसले. माणसाच्या एकाकी झुंजीवर त्यांनी तयार केलेले सगळे विवेचन त्या एका प्रश्नाने निकामी झाले होते. मी गोष्ट इंग्रजीत सांगितली तेव्हा तांडेल मोठ्याने हसला आणि म्हणाला, "पोराचं बरोबर आहे."

तेवढ्यात बाबांची काठी वाकली.

मासा जवळ यायला दहा-बारा मिनिटे लागली. बाबांचे हात थरथरत होते, पण त्यांनी काठी कोणाला दिली नाही. वर आला तो स्ट्राइप्ड बास, रुपेरी अंगावर काळ्या आडव्या रेघा असलेला, माझ्या मुलाच्या छातीला लागेल एवढा. खलाशाने मोजपट्टी लावली: ४१ इंच. बाबांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी आईच्या मृत्यूनंतर पाहिला नव्हता. आणि मग खलाशाने सांगितले की हा मासा ठेवता येणार नाही.

नियम असा: २०२३ पासून इथे हौशी मच्छीमाराला दिवसाला एकच स्ट्राइप्ड बास ठेवता येतो, आणि तो किमान २८ इंच पण ३१ इंचांहून कमी लांबीचा असावा लागतो. एवढा मोठा मासा म्हणजे जवळजवळ नक्कीच मादी. चेसापीकच्या उपसागरात किंवा हडसन नदीत ती वसंतात लाखो अंडी घालते आणि उन्हाळ्यात उत्तरेकडे येते. या माशाची काळजी वाहण्याचा इतिहास इथे जुना आहे. तो शेतात खत म्हणून वापरू नये, असा कायदा मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने १६३९मध्येच केला होता. तरीही १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अतिमासेमारीने त्याची संख्या इतकी घसरली की १९८४मध्ये अमेरिकी काँग्रेसला त्याच्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि मेरिलँडने १९८५ ते १९९० अशी पाच वर्षे त्याची मासेमारी पूर्ण बंद ठेवली.

"गाभोळीची मासळी आपण सोडतो कुठे," बाबा हळूच म्हणाले. "उलट गाभोळी असली की दोन रुपये जास्त द्यायचो." वर्तमानपत्र बारकाईने वाचणारे असल्यामुळे त्यांना हेही ठाऊक होते की महाराष्ट्रानेही २०२३मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला आहे. "पण तो लहानाला वाचवायला. इथे मोठीलाही वाचवतात." खलाशाने माशाचा खालचा ओठ अंगठ्याने धरून तिला प्रवाहाच्या दिशेने पाण्यात तोलून ठेवले. अर्धा मिनिट ती तशीच लोंबत राहिली, मग शेपटीचा एक फटका मारून गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तांडेलाने मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. सोडलेल्या माशांपैकी नऊ टक्के पुढे मरतात असे शास्त्रज्ञ हिशेबात धरतात, तो म्हणाला, तेव्हा सोडण्यानेही आपण अगदी निर्दोष ठरत नाही. मला त्याचे हे बोलणे थोरोच्या कबुलीइतकेच प्रामाणिक वाटले.

नियमात बसणारे दोन मासे शेवटी मिळाले. बंदरावर खलाशाने ते साफ करून, काटे काढून, पिशवीत घालून दिले. मी ठरलेले भाडे दिले आणि प्रथेप्रमाणे वर वीस टक्के बक्षिसी खलाशाच्या हातात ठेवली. त्याने आभार मानले, मी त्याचे मानले. बाबा बाजूला उभे राहून हे पाहत होते.

गाडीत बसल्यावर त्यांनी विचारले, "किती झाले?"

मी आकडा सांगितला. त्यांनी मनातल्या मनात रुपये केले असावेत.

"घासाघीस नाही केलीस?"

"इथे करत नाहीत, बाबा."

बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "आपल्याकडे यायची ती मावशी आठवते?"

आठवत होती. तिचे नाव आम्हांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. मावशी म्हटले की नावाची गरज उरत नाही. पाटी उतरवायला आई हात लावी आणि पाटी टेकली की भांडण सुरू होई. बांगड्यांच्या वाट्यावरून, तारल्यांच्या ताजेपणावरून, चार आण्यांवरून. एका वर्षी गणपती झाल्यावर सगळे घर माशांची वाट पाहत असताना ती तीन आठवडे फिरकली नाही. आली तेव्हा आईने तिला फैलावर घेतले आणि नेहमीप्रमाणे भाव पाडला. मावशीने त्या दिवशी वाद घातला नाही. आईने मागितला त्या भावाला वाटा टाकला आणि गेली. आज जिंकलो, असे आई हसत म्हणाल्याचे मला आठवते.

"तिचा मुलगा गेला होता," बाबा म्हणाले. "होडी परत आली नाही. मला शाळेत दुसऱ्या दिवशी कळलं. तुझ्या आईला मी कधी सांगितलं नाही. काय सांगणार?" आणि थोड्या वेळाने, "तोच तो. मागच्या बाकावरचा. आठवीनंतर शाळा सोडून होडीवर गेला. माझ्याच हातचा दाखला."

पन्नासदा ऐकलेल्या गोष्टीचा हा उरलेला भाग होता. तो मुलगा एकटा गेला नव्हता. होडीला लागतात तेवढी माणसे तिच्यावर होती.

माझ्या मनात त्या वेळी सोपा निष्कर्ष तयार झाला होता: परक्या देशातल्या गोऱ्या खलाशाला न मागता वीस टक्के, आणि आपल्या दारातल्या बाईशी चार आण्यांसाठी वाद. तो खोटा नाही. साहित्य शिकवणाऱ्या माझ्यासारख्यांनी तर तो लावून घ्यावाच, कारण कोळ्याच्या झुंजीचे रसग्रहण आम्ही ज्या घरात बसून लिहिले त्या घराच्या पायरीवर त्याचीच आई उन्हात बसलेली होती. पण त्या निष्कर्षात मावशी पुन्हा केवळ आमच्या अपराधाचे निमित्त होऊन राहते, हेही खरे. बाबांनी निष्कर्ष काढला नाही. त्या रात्री कोकम घालून केलेले मासे त्यांनी नेहमीपेक्षा कमी खाल्ले, एवढेच.

ते परत गेल्यावर दिवाळीच्या सुमारास फोन झाला. आता ते स्वतः बाजारात जातात आणि सांगतील तो भाव देतात, असे कळले. पहिल्यांदा असे केले तेव्हा मासेवालीने त्यांच्याकडे संशयाने पाहिले. "मास्तर, बरं नाय काय?" असे विचारले आणि एक बांगडा आपणहून वर टाकला. पुढच्या वेळी त्यांनी पुन्हा पुरते पैसे दिले, तिने पुन्हा एक बांगडा वर टाकला. घासाघीस सुटलेली नाही, तिची दिशा बदलली आहे.

"नाव विचारलंत तिचं?" मी म्हटले.

"विचारलं," ते म्हणाले, आणि पूर्ण नाव सांगितले, नवऱ्याच्या आणि गावाच्या नावासकट, वर्गात हजेरी घ्यावी तसे.