भाकरी सोडली तेव्हा

रोज चुलीपुढे बसून पंधरा भाकरी थापायच्या आणि आपल्या ताटात एकही घ्यायची नाही, हे व्रत मी तीन महिने केले. त्याची ही हकिगत.

तपासणीत माझी उपाशीपोटीची साखर २१० निघाली. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, चालायला सांगितले, गोडधोड आणि भात कमी करायला सांगितला. २०१८ च्या सुमारास डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे दिवसातून दोनदाच जेवण्याचे सांगणे आमच्याकडे घरोघरी पोचले होते. त्यांचा भर किती वेळा जेवावे यावर. भाकरी बंद करण्याचे खूळ मात्र माझे स्वतःचे. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात सत्तरच्या आसपास पिष्ट असते आणि पोटात त्याची साखर होते, एवढे ऐकले अन् भाकरी तोडली.

सासूबाई म्हणाल्या, "बाहत्तरच्या दुष्काळात मिलोची लाल भाकर गोड मानून खाल्ली आम्ही. आता घरात मालदांडीची पोती आहेत, अन् तू अशी?" मला उत्तर सुचले नाही.

मेथी, शेपू, मटकीची उसळ, अंडी, शेंगदाण्याची चटणी आणि ताक यांवर मी राहू लागले. पहिला आठवडा डोके दुखले, खुरपताना हातपाय गळाले. पुढे अंग हलके वाटू लागले. वजन पाच किलो उतरले, साखर १२६ वर आली. मी फुशारून गेले.

मग येळवस आली. सकाळी गोळी घेतली, नैवेद्याची पाटी डोक्यावर घेऊन शेत गाठले. कडब्याची कोप झाली, पूजा झाली, तोवर दुपार टळली. सगळे भज्जी, उंडे, आंबील, खीर जेवायला बसले. मी चार घास भज्जी घेतली आणि वाढायला उठले. एकाएकी दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. सुनेने प्रसंग ओळखला. मला खाली बसवून गूळ चारला, वर वाटीभर खीर दिली. पंधरा मिनिटांनी माणसांत आले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एकच विचारले, "भाकरी बंद केल्याचे मला सांगितले होते का?" नव्हते सांगितले. काही गोळ्या अंगातले इन्सुलिन वाढवतात. पोटात पिष्ट गेले नाही तरी गोळी आपले काम करते आणि साखर ७० च्या खाली घसरते. ती फार घसरली तर माणूस बेशुद्ध पडतो. एकटी शेतात असते तर काय झाले असते, या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

डॉक्टरांनी गोळी निम्मी केली आणि जेवणाची सांगड घालून दिली. आता दोन्ही वेळा आधी भाजी, उसळ, मग एक भाकरी. साखर १३० च्या आसपास राहते. रानात जाताना पदराला गुळाचा खडा बांधलेला असतो.

बायांनो, साखरेसाठी ताटातले पिष्ट कमी करणे चांगलेच. पण गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल, तर ताट बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा. आपले आपण ठरवू नका.

हल्ली भाकरी थापताना शेवटचा उंडा मी जरा लहान घेते. सासूबाईंना ठाऊक आहे, ती भाकरी माझी.