बंद तोंडाचा वायुकुंभ

अडतीस वर्षें मुलांकडून नियम पाळून घेण्यांत घालविलेल्या माणसास, नियम स्वतःच्या आड आला म्हणजे किती लवकर राग येतो, याचा अनुभव मला गेल्या वर्षीं दोनदां आला. दोन्ही वेळां निमित्त एकच. माझ्या नातवाचा समुद्रांत बुड्या मारण्याचा नाद.

हा नाद त्याला मालवणास लागला. पुढें त्यानें एका स्नेह्याकडून हवा भरण्याचें ॲल्युमिनियमचें जुनें नळकांडें विकत घेतलें. मुलें त्याला टँक म्हणतात. मीं त्याचें नांव ‘वायुकुंभ’ असें ठेवलें. रिकामा असतां त्याचें वजन सुमारें १४ किलो, आणि पोटांत पाणी मावेल जेमतेम ११ लिटर. परंतु त्यांत हवा कोंडतात ती वातावरणाच्या सुमारें २०० पट दाबानें. म्हणजे दोन हजार लिटरांहून अधिक हवा त्या एवढ्याशा जागेंत बसते. हा कुंभ घेऊन विमानानें अंदमानास जाण्याचा त्याचा बेत होता.

त्याला पोंचवावयास मी विमानतळाच्या दारापर्यंत गेलों होतों. अर्ध्या तासानें पाहतों तों स्वारी कुंभ खांद्यावर घेऊन परत! हवा घरींच सोडून दिली होती. पण झडप काढून आंतून कुंभ दाखवा, असें अधिकाऱ्याचें म्हणणें पडलें, आणि झडप काढण्याचें हत्यार याच्यापाशीं नव्हतें.

“तूं रिकामा म्हणतोस तें त्याला खोटें वाटतें काय?” मीं संतापून विचारलें.

“तसें नाहीं, आजोबा. तो म्हणाला, तुमचें खरें असेल. पण मला आंतलें दिसत नाहीं.”

कुंभ माझ्याबरोबर टॅक्सींतून घरीं आला.

राग शमल्यावर मीं या विषयाची थोडी माहिती मिळविली. उंचावर हवा विरळ होते म्हणून कुंभ फुटत असेल, अशी माझी समजूत होती. ती चुकीची निघाली. बाहेरचा सर्व दाब नाहींसा झाला तरी कुंभाच्या भिंतीवर दोनशांत एकाचीच भर पडेल. खरें भय निराळें आहे. आगीनें कुंभ तापला किंवा आपटून झडप तुटली, तर कोंडलेली हवा एका क्षणांत सुटून तो तोफेच्या गोळ्यासारखा धांवेल. आणि भरलेला व रिकामा हे दोन्ही कुंभ बाहेरून सारखेच दिसतात. क्ष-किरणांनाही हवेचा दाब दिसत नाहीं. अमेरिकेंतील विमानतळ-सुरक्षा खात्याचाही नियम असाच आहे कीं, झडप पूर्णपणें काढलेली व तोंड उघडें असेल तरच कुंभ विमानांत न्यावा. ज्याचें तोंड उघडें, त्याच्या पोटांत कांहीं कोंडलेलें नाहीं. याहून सोपा पुरावा कोणता? जाणते लोक हा खटाटोप करीतच नाहींत. श्वासाचें यंत्र, मुखवटा व पायांत घालावयाचीं वल्हीं ते बरोबर नेतात, आणि कुंभ तेथेंच भाड्यानें घेतात. नातवानेंही शेवटीं तेंच केलें.

दुसरा प्रसंग याहून जिव्हाळ्याचा आहे. माझ्या पत्नीचें वर्षश्राद्ध जवळ आलें होतें. या मुलाला लहानाचा मोठा त्याच्या आजीनेंच केला. तिथीच्या आदल्या दिवशीं सकाळच्या विमानानें तो निघणार होता. त्याच्या आधींच्या रात्रीं त्याचा दूरध्वनि आला. “आजोबा, मी उद्यां निघत नाहीं, परवां निघतों.”

“परवां तिथि आहे, हें ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे. पण आज सायंकाळीं मीं शेवटची बुडी मारली. चार दिवस रोज दोन-तीन बुड्या झाल्या आहेत. तास मोजण्यांत चूक माझीच झाली.”

“तेथें कोणी तुला अडविलें आहे काय?”

“नाहीं. विमानतळावर हें कोणी विचारीत नाहीं. आपलें आपणच थांबावयाचें असतें.”

मीं कांहीं न बोलतां फोन ठेवला. रात्रीं झोंप आली नाहीं.

समुद्रांत दर १० मीटर खोलीस एका वातावरणाचा दाब वाढतो. २० मीटरांवर तो तिप्पट होतो आणि श्वासांतला नत्रवायु रक्तांत व स्नायूंत मुरतो. वर आल्यावर तो सावकाश निघून जातो. पण त्याआधींच माणूस विमानांत बसला तर? विमानांतली हवा २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ असूं शकते. आपलें कळसूबाईचें शिखरही १६४६ मीटरच आहे. मग सोड्याच्या बाटलीचें बूच काढावें तसे अंगांत बुडबुडे उठतात. त्यानें सांधे दुखतात, कधीं अर्धांग होतें, क्वचित् प्राणही जातो. रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञानें १६७० सालीं निर्वात पात्रांत ठेवलेल्या सापाच्या डोळ्यांत असा बुडबुडा हलतांना पाहिला होता. म्हणून ‘डायव्हर्स अलर्ट नेटवर्क’ ही संस्था सांगते कीं, एकच साधी बुडी मारली असेल तर निदान १२ तास, अनेक बुड्या झाल्या असतील तर निदान १८ तास, आणि वर येतांना टप्प्याटप्प्यानें थांबावें लागणारी खोल बुडी असेल तर त्याहून पुष्कळ अधिक वेळ विमानांत बसूं नये.

म्हणजे जातांना ज्या कुंभाची झडती झाली, तसाच एक कुंभ येतांना मुलाच्या अंगांत होता. याचें तोंड उघडून पाहणारा अधिकारी कोठेंच नव्हता. मास्तर वर्गाबाहेर गेल्यावर मुलगा कसा वागतो, यावरून मी जन्मभर मुलांची पारख केली. माझा नातू त्या परीक्षेंत उतरला, आणि मीं मात्र त्याच्यावर राग धरला!

तिथीस तो रात्रीं उशिरां घरीं आला. श्राद्ध आटोपलें होतें. त्यानें आजीच्या तसबिरीस नमस्कार केला व खालीं मान घालून उभा राहिला. मीं त्याच्यासाठीं पान वाढून ठेवलें होतें. “बैस,” मीं म्हटलें. “ती असती तर तिनेंही तुला थांबच म्हटलें असतें.”