मुठीला वजन हवं

सुर्ला, बुधवार, १९ जून २०२४

पाऊस धरून बसलाय. दुकानात दुरुस्तीला पंपाच्या मोटरी कमी, बंद पडलेले पंखेच जास्त. संध्याकाळी भाच्याने संगणकावर अटारी कंपनीचा १९८३ सालचा ‘स्टार वॉर्स’ हा व्हिडिओगेम लावून दाखवला. काळ्या पडद्यावर नुसत्या रंगीत रेघा, पण खंदकातून यान नेताना जीव टांगणीला लागतो. तो खेळतो माउसने. मूळ यंत्राला योक होता: मुठी पुढे-मागे पिळल्या की नेम वर-खाली, अख्खा योक वळवला की डावी-उजवीकडे. तर्जन्यांना दोन बटणं, अंगठ्यांना दोन. ‘मामा, असलें एक करुंया?’ म्हणाला. पंखे वाइंड करून मीही कंटाळलो होतो.

रविवार, २३ जून

योकचा इतिहास गमतीचा निघाला. अटारीचा ‘बॅटलझोन’ हा रणगाड्यांचा खेळ १९८०चा. तो पाहून अमेरिकी सैन्याला ब्रॅडली या चिलखती गाडीच्या तोफचींसाठी सरावाचं यंत्र हवं झालं. खेळाचा कर्ता एड रॉटबर्ग. लष्करी काम त्याला नकोच होतं. पुन्हा असलं काही करणार नाही या अटीवर त्याने ते उरकलं. यंत्राची गाडी नमुन्यापुढे गेली नाही. त्याची मूठ मात्र टिकली आणि ‘स्टार वॉर्स’च्या पेटीवर जाऊन बसली.

बुधवार, २६ जून

सांगाडा सुरू. वळणारा दांडा हलला, खडखडला तर पुढचं सगळं फुकट. म्हणून जळक्या पंख्यांतली ६२०२ नंबरची दोन बेअरिंगं काढली, रॉकेलमध्ये धुऊन ग्रीस भरलं. आतलं भोक १५ मिलिमीटर, बाहेरून ३५. तेवढ्या जाडीचा दांडा गॅरेजात मिळाला. तिथला मिस्त्री एकेकाळी दिवसभर खनिज वाहणाऱ्या टिपरच्या बॉड्या जोडायचा. २०१२ला गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ला परत थांबल्या. आता तो गेटं आणि ग्रिलं करतो. दांड्याचे पैसे घेईना. ‘कितें करता तें माका दाखय’ एवढंच म्हणाला.

रविवार, ३० जून

आज हिशेब. वळण मोजायला पोटेन्शिओमीटर, रेडिओच्या आवाजाच्या बटणाखाली असतो तो; एक योकला, एक मुठींना. पण आवाजाचा ‘ए’ छापाचा चालत नाही. त्याची चढण सारखी नसते. ‘बी १० के’ घ्यायचा. तो साधारण ३०० अंश फिरतो, आणि आपला योक वळणार जेमतेम ६०. संगणकाला जोडायचा आर्डुइनो बोर्ड त्याच्या पूर्ण फेरीचे ० ते १०२३ असे आकडे वाचतो, त्यातले आपल्या वाट्याला दोनशेच्या आसपास. नेम टप्प्याटप्प्याने उड्या मारणार. भाच्याने मोडक्या प्रिंटरातून दोन चक्रं शोधली, ४८ दात्यांचं आणि १६ दात्यांचं. मोठं दांड्यावर, छोटं पोटेन्शिओमीटरवर. तिप्पट फिरणं, म्हणजे सहाशेवर आकडे.

बोर्ड लिओनार्दो जातीचा. त्यातली चिप थेट यूएसबी बोलते, त्यामुळे संगणकाला तो सरळ जॉयस्टिक वाटतो.

गुरुवार, ११ जुलै

पहिल्यांदा जोडून खेळलो. सगळं चालतं आणि खेळवत नाही. नेम भिरभिरतो, हात सोडला तर योक असेल तिथेच राहतो.

शेजारचे दादा छत्री झटकत आले. वीसेक वर्षं टिपर चालवलेला माणूस. त्यांनी मुठी धरल्या, दोनदा वळवल्या आणि म्हणाले, ‘हाताक वजन लागना जाल्यार गाडी खंय वता तें कळना.’

निदान पक्कं. आम्ही डोळ्यांसाठी आकडे जमवत होतो. चालवणारा मधली जागा पडद्यावर शोधत नाही, हाताने ओळखतो.

रविवार, २१ जुलै

दोन बाजूंनी दोन स्प्रिंगा ताणून पाहिल्या. मध्याजवळ दोघींची ओढ एकमेकींना खाते, उरलेलं घर्षण जिंकतं, योक कधी थोडा डावीकडे थांबतो, कधी उजवीकडे.

मग मिस्त्रीने उपाय काढला. दांड्यावर सैल फिरणाऱ्या दोन पट्ट्या, कात्रीच्या पात्यांसारख्या, आणि त्यांना मिटवणारी एकच स्प्रिंग. पात्यांच्या मध्ये दोन खिळे: एक पेटीला ठोकलेला, दुसरा दांड्याबरोबर वळणारा. डावीकडे वळवलं की एक पातं उघडतं, दुसरं पेटीच्या खिळ्याला अडून राहतं. उजवीकडे वळवलं तर उलट. सोडलं की दोन्ही पाती त्याच खिळ्यावर येऊन बसतात. स्प्रिंग मध्यावरही ताणलेलीच असते, म्हणून मधून हलवायला पहिला जोर लावावा लागतो. तो जोर म्हणजेच दादांचं वजन. स्प्रिंग जुन्या स्कूटरच्या स्टँडची.

बुधवार, ३१ जुलै

नेम थरथरतोय. पोटेन्शिओमीटर उघडला तर कार्बनच्या पट्टीवर तांबूस पूड. या गावात धूळ कुठे शिरत नाही? बदली म्हणून दोन्हीकडे चुंबकी सेन्सर लावले: दांड्याच्या टोकाला चुंबक, समोर चिप, मध्ये घासायला काही नाही. पूर्ण फेरीला ४०९६ टप्पे, त्यामुळे चक्रांचीही गरज संपली.

पण चुंबक अंगणातल्या लाल मातीवरून फिरवून पाहिला, तर बारीक काळ्या कणांची मिशी उगवली. मॅग्नेटाइट. लाल हेमेटाइट सहसा चिकटत नाही, हे चिकटतात. प्रत्येक सेन्सरवर बाटलीचं झाकण बसवून कडेने सिलिकॉन भरलं.

रविवार, ११ ऑगस्ट

आता खेळ रंगतो. प्रोग्राम दीड पान झाला: चालू होताच मध्य टिपायचा, काही वाचनांची सरासरी काढायची, मध्याजवळचं किरकोळ हलणं सोडून द्यायचं. आकड्यांनी एवढंच करायचं होतं. बाकी लोखंडाने केलं. दादा भाच्याच्या पुढे निघाले. भाचा म्हणतो, स्प्रिंग थोडी सैल करूया. दादा म्हणतात, हात लावायचा नाही.

रविवार, २२ सप्टेंबर

गणपतीची चवथ उरकली, आता पोरांना दिवाळीत करायच्या नरकासुराच्या पुतळ्याचे वेध. वाड्यावरची टोळी दुकानात हजर: यंदा असुराची मान आणि हात या योकवर हलवून द्या. होईल. टिपरच्या वायपरच्या दोन मोटरी लागतील, २४ व्होल्टच्या. नुसती मोटर फिरतच राहील, थांबायचं कुठे ते तिला कळणार नाही. म्हणून मानेला आणि हाताला एकेक पोटेन्शिओमीटर. योकचा आकडा आणि त्याचा आकडा जुळला की मोटर बंद. योकमधून काढून ठेवलेले दोन्ही साफ करून तिथे लावतो. मोटरींसाठी दादांना सांगितलंय. नरकासुर शेवटी जाळतात, तेव्हा पोरांकडून आधीच कबूल करून घेतलंय: पेटवण्याआधी मोटरी आणि वायरी काढून द्यायच्या.