मुकी गाडी

कुरकुरणाऱ्या वस्तू मला आवडतात. आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी आजोबांची बैलगाडी होती. आखाला वंगण हवे झाले की ती असा काही सूर लावी, की शेजाऱ्यांनाही कळावे, गाडी तहानलेली आहे! गाडीखाली टांगलेल्या नळकांड्यातले वंगण माखले, की स्वारी गप्प. त्यासाठी आजोबांना ना पुस्तक लागे, ना पंचांग.

मंचरच्या आमच्या दारात उभ्या असलेल्या मोटारीचे तसे नाही. तिचे तेल म्हातारे झाले तरी ती ब्र काढत नाही. आणि काढते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

"अहो, गाडी वर्षात चार हजार किलोमीटरसुद्धा फिरत नाही. मग १०,००० किलोमीटर चालणारे तेल आताच कशाला ओतून टाकता?" माझे एक स्नेही विचारतात. हिशेब चोख आहे. पण माझ्या गाडीच्या पुस्तकात '१०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते' असे छापले आहे, आणि व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला त्या 'किंवा'वरून उडी मारून जाता येत नाही. महाविद्यालय घरापासून अवघे दोन किलोमीटर. इंजिन पुरते तापायच्या आत प्रवास संपतो. पेट्रोल जळताना जी पाण्याची वाफ होते, तिचा अंश तेलात उतरतो आणि तेल तापतच नसल्यामुळे तिथेच मुक्काम ठोकतो. तेलाचा काळा रंग पाहून मात्र घाबरू नये. काजळी पोटात घेणे हे त्याचे कामच. रंगापेक्षा तारीख पाहावी, आणि महिन्यातून एकदा, सपाट जागी, इंजिन थांबवून काही मिनिटांनी, तेलाची दांडी काढून पातळी पाहावी.

त्याहून मुके ब्रेकचे तेल. सौभाग्यवतींचे माहेर कल्याणला. त्यामुळे दर दिवाळीत आळेफाटा, ओतूर मागे टाकून आम्ही माळशेज घाट उतरतो. मागे दोन्ही मुले झोपलेली असतात. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते. 'डॉट ३' जातीचे नवे तेल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असा दंडक आहे. ओलावा मुरलेल्या तेलाला हीच मर्यादा १४० अंशांची. लांबच्या उतारावर ब्रेक तापले आणि तेलाला उकळी फुटली, की त्यात बुडबुडे होतात. मग आपला पाय नुसते बुडबुडेच दाबतो, चाकापर्यंत निरोप पोहोचत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ते तेल बदलायचे आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरायचा, हा आमच्या घरचा नेम.

दसऱ्याला आपण गाडीला झेंडूची माळ घालतो, नारळ फोडतो. मी त्याच आठवड्यात तेल बदलून घेतो. तारीख विसरत नाही, आणि घाटापूर्वी गाडी तयार होते. "सणाच्या तोंडावर हा कसला खर्च?" असे आमच्या घरी आता कोणी विचारत नाही. माळ चार दिवसांत सुकते. तेलाला मात्र पुढचा दसरा गाठायचा असतो.