तार कुठं कापली, बिघाड कुठं झाला

नवापूर तालुक्यात नवी गाडी आली की दोन-चार महिन्यांत तिला काहीतरी 'एक्स्ट्रा' बसतंच. विसरवाडीच्या पुढं कोंडाईबारी घाटात पावसाळ्यात धुकं उतरतं, कंपनीचे दिवे पुरत नाहीत, म्हणून जास्त वॅटचे बल्ब बसतात. डोंगरातल्या पाड्यांवर जाणाऱ्याच्या गाडीचं पोट घासतं, म्हणून मोठे टायर किंवा स्प्रिंगमध्ये रबराचे बफर. सुरतेच्या फेऱ्या मारणाऱ्याला सीएनजी हवा असतो. लग्नसराईत भाड्यानं गाडी देणारा अँप्लिफायर आणि मोठा हॉर्न लावतो. या गरजा खऱ्या आहेत, त्यांना नुसती हौस म्हणता येत नाही. पण पुढं कधी गाडी बिघडली आणि वर्कशॉपच्या रॅम्पवर चढली की बॉनेट उघडताच एकच वाक्य ऐकू येतं : "बाहेरचं काम झालंय, वॉरंटी गेली."

मी मोटार विम्याचा सर्व्हेअर. अपघाताच्या गाड्या पाहून नुकसान ठरवायचं, हे माझं काम. हल्ली मात्र अपघात न झालेल्या गाड्याही लोक दाखवायला आणतात. शोरूमनं वॉरंटी नाकारलेली असते आणि कुणीतरी त्रयस्थानं पाहावं, एवढीच त्यांची अपेक्षा असते. अशा गाड्या पाहून माझं एक मत पक्कं झालंय. मालकानं गाडीत बदल केला, एवढ्यानं सगळी वॉरंटी जात नाही आणि जाऊही नये. त्या बदलामुळंच हा बिघाड झाला का, एवढाच प्रश्न विचारायचा आणि त्याचं उत्तर गाडीतच शोधायचं.

एक उदाहरण सांगतो. तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याची दीड वर्षाची गाडी. स्टिअरिंग अचानक जड झालं. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगची असेंब्ली बदलावी लागणार होती, खर्च मोठा. वर्कशॉपनं दिव्यांचे बल्ब पाहिले आणि क्लेम नाकारला. तो म्हणाला, "दादा, लाइट पुढं, स्टिअरिंग आत. यांचा संबंध काय?" प्रश्न रास्त होता, पण नुसत्या रास्त प्रश्नावर क्लेम मिळत नाही.

हेडलाइटचा मूळ एच-४ बल्ब ६०/५५ वॅटचा. त्यानं १०० वॅटचे लावले होते. दोन्ही बल्ब मिळून १२ व्होल्टवर साडेसोळा अँपिअरच्या पुढं करंट ओढतात, मूळ बल्ब दहाच्या आसपास. फ्यूज उडायला लागला म्हणून गॅरेजवाल्यानं ३० अँपिअरचा टाकला. म्हणजे आता तारेच्या आधी फ्यूज उडणार नाही, तारच तापणार. वायरिंग खरोखरच तापलं होतं. पण तार कशी जळली, हे वाचता येतं. जास्त करंटनं तापलेल्या तारेचं आवरण आतून, तांब्याला लागून आधी मऊ पडतं, आणि तेही जवळपास पूर्ण लांबीभर. सैल जोड असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंना थोडंसंच काळं पडतं, पुढची तार स्वच्छ राहते. बाहेरून आच लागली असेल तर आवरण वरून करपतं. इथं हेडलाइटच्या कपलरपासून फ्यूज बॉक्सपर्यंतची तार आतून मऊ झाली होती आणि खुणा तिथंच संपत होत्या. स्टिअरिंगच्या मोटारीला बॅटरीकडून स्वतंत्र जाड केबल जाते, तिचा फ्यूज वेगळा. तो शाबूत, केबल कोरी, कपलरच्या पिना चकचकीत. स्कॅनरवर कोड होता टॉर्क सेन्सरचा, आणि तो भाग सीलबंद असेंब्लीच्या आत असतो. बॅटरी आणि अल्टरनेटरचं व्होल्टेज मोजलं, तेही ठीक निघालं.

मी फोटोंसह दोन पानी अहवाल दिला. कंपनीचा इंजिनिअर येऊन गेला आणि स्टिअरिंग वॉरंटीत बदललं गेलं. हेडलाइटचं वायरिंग मालकानं स्वतःच्या पैशानं बदललं. असाच निवाडा व्हायला हवा होता.

याची दुसरी बाजूही तितकीच ठामपणे सांगायला हवी. बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटच्या गाडीत इंजेक्टर, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) किंवा सिलिंडर हेडची तक्रार असेल, तर मी मालकाला पहिल्याच भेटीत सांगतो की बाजू कमजोर आहे. सिक्वेन्शियल किट बसवताना पेट्रोल इंजेक्टरच्या तारा कापून मध्ये इम्युलेटर जोडतात, म्हणजे इंजिनच्या नसेलाच हात लागलेला असतो. शिवाय सीएनजी कोरडं इंधन आहे. व्हॉल्व्हच्या सीटांवर ताण वाढतो, म्हणूनच कंपनीच्या सीएनजी मॉडेलमध्ये त्या जास्त टणक धातूच्या असतात. पण त्याच गाडीचा एसीचा कॉम्प्रेसर गेला किंवा दाराची काच खाली-वर होईना, तर सीएनजीचं नाव पुढं करणं गैर आहे. ईसीयूचं 'रिमॅपिंग' केलेल्यांना तर मी सरळ सांगतो की टर्बोच्या क्लेमची आशा सोडा. पुन्हा मूळ सॉफ्टवेअर टाकलं तरी बऱ्याच ईसीयूत किती वेळा प्रोग्रॅम लिहिला गेला, याची नोंद उरते.

कायद्याची गोष्ट वेगळी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. मान्यताप्राप्त किट बसवून इंधन बदलायला मुभा आहे, पण ते आरसी बुकावर चढवावं लागतं आणि विमा कंपनीला कळवावं लागतं. आपल्याकडं व्यारा-सुरतेकडून किट बसवून आणतात आणि नंदुरबारच्या आरटीओत नोंद करायची राहून जाते. मग वॉरंटी राहिली बाजूला, अपघाताचा क्लेमही अडकतो.

शोरूमवाले इतक्या चटकन नाही का म्हणतात, तेही समजून घ्यायला हवं. वॉरंटीचं काम करून शोरूम कंपनीकडं बिल पाठवतं, सोबत फोटो आणि टॅग लावलेला जुना पार्ट. कंपनीच्या तपासणीत बदल दिसला तर दिलेले पैसे परत कापले जातात. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला ही भीती असते, म्हणून तो सुरुवातीलाच हात झटकतो. त्याची अडचण मी जाणतो, पण तिचा भुर्दंड ग्राहकानं का सोसावा?

या बाबतीत २५ ऑगस्ट २०१४ चा भारतीय स्पर्धा आयोगाचा आदेश फार महत्त्वाचा आहे. सुटे भाग आणि दुरुस्तीची मक्तेदारी यावरून आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दंडावर पुढं अपिलं झाली, पण आदेशातलं एक सूत्र माझ्या कामाचं आहे. बाहेरच्या गॅरेजात काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट आयोगाला मान्य नाही. बाहेरच्या सदोष कामामुळं जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. तो विषय दुरुस्तीचा होता, पण बदलांनाही हाच न्याय लावावा असं माझं म्हणणं आहे. अमेरिकेत १९७५ पासून वॉरंटीचा स्वतंत्र कायदा आहे. आपल्याकडं इतका थेट कायदा नाही, म्हणून पुराव्याला जास्त किंमत.

अलीकडं ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम ८७ ग्राहकाच्या तोंडावर फेकलं जातं. वस्तूत बदल केला असेल तर विक्रेत्यावर उत्पादन दायित्वाचा दावा चालत नाही, असं ते सांगतं. पण उत्पादन दायित्व म्हणजे वस्तूमुळं माणसाला किंवा इतर मालमत्तेला झालेली हानी. खुद्द त्या वस्तूचं नुकसान आणि वॉरंटीच्या अटींचा भंग कलम २(२२) नं त्यातून वगळलेला आहे. बिघडलेल्या स्टिअरिंगच्या तक्रारीला ते कलम लावणं चूक आहे.

सगळ्यात जास्त चीड मला येते ती शोरूमनंच बसवलेल्या वस्तूंबद्दल. डिलिव्हरीच्या दिवशी मागं कॅमेरा, सेंट्रल लॉकिंग, फॉग लॅम्प बसवून देतात. बिल साध्या कागदावर. वर्षभरानं वायरिंग जळलं की तेच शोरूम म्हणतं, हे कंपनीचं नाही. आणि कंपनी म्हणते, डीलर स्वतंत्र व्यापारी आहे. कंपनीचं म्हणणं न्यायालयात टिकतंही. गोव्यातल्या एका प्रकरणात डीलरनं जुन्या मॉडेलची गाडी नवी म्हणून दिली होती. कंपनीला ते माहीत होतं असं सिद्ध झालं नाही, म्हणून फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीला मोकळं केलं. जबाबदारी डीलरवर राहिली. म्हणून अ‍ॅक्सेसरीचं जीएसटी बिल शोरूमच्या नावानं घ्याच. ते हातात असेल तर 'बाहेरचं काम' हा मुद्दा शोरूमला काढताच येत नाही.

मागणीही बेतानं करावी. "गाडीच बदलून द्या" म्हणून लोक अडून बसतात. सदोष भाग बदलून बिघाड दूर होत असेल तर पूर्ण गाडी किंवा पूर्ण किंमत देण्याचा आदेश देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये मारुतीच्या एका प्रकरणात सांगितलंय.

आपलं नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. गाड्यांची खरेदीही तशीच, निम्मी सुरत-व्याऱ्याकडं. जुन्या कायद्यात बहुधा विक्रेत्याच्या गावी तक्रार करावी लागे, म्हणून लोक नाद सोडून देत. २०१९ च्या कायद्यानं ही अडचण संपवली. ग्राहक राहतो तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे नंदुरबारला, सुरतेच्या शोरूमविरुद्ध तक्रार करता येते, ऑनलाइनही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, पाच ते दहा लाखांना २०० रुपये, दहा ते वीस लाखांना ४००. मुदत दोन वर्षांची. दोष तपासल्याशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडंही पाठवू शकतो.

मात्र तपासायला वस्तू शिल्लक हवी. माझ्याकडं येणाऱ्यांपैकी बरेच जण पैसे भरून दुरुस्ती उरकल्यावर येतात. जुना पार्ट तोवर भंगारात गेलेला असतो आणि जॉब कार्डवर नुसतं 'वॉरंटी नाही' एवढंच असतं. नकार मिळाला त्याच दिवशी, काउंटरवरून हलण्याआधी, कोणत्या बदलामुळं कोणता भाग बिघडला हे जॉब कार्डवर लिहून मागा. स्कॅनरच्या कोडची प्रिंट घ्या. दुरुस्ती पैसे देऊन करावीच लागली तर 'हरकत राखून' असं लिहून सही करा आणि काढलेला पार्ट, त्याच्या कपलरसकट, पिशवीत बांधून घरी आणा.