स्क्रूला हात शेवटी

बाहेरच्या माणसाला आमचं चारठाणा गाव माहीत असतं ते जुन्या मंदिरांसाठी आणि तिथल्या उंच दगडी स्तंभासाठी. माझ्याकडे येणाऱ्यांचं काम वेगळं असतं. सोयाबीनवर अळी दिसली, कपाशीला बोंडअळी लागली की आमच्या जिंतूर तालुक्यात सगळ्यांचे फवारणीचे पावर पंप एकदमच बाहेर निघतात. वर्षभर कोपऱ्यात पडलेलं इंजिन त्याच दिवशी रुसतं. तक्रार ठरलेली: "मिस्त्री, चालू व्हायलाय, पण लगेच बंद पडायलाय. स्क्रू जरा फिरवून द्या." बहुतेकांनी तो घरीच दोन-चार वेळा फिरवून आणलेला असतो.

माझा हात बसला तो 1972 साली बाजारात आलेल्या लुनावर आणि त्याच वर्षीच्या चेतकवर. दोन्ही टू-स्ट्रोक. आज त्या गाड्या दिसत नाहीत, पण त्यांचं इंजिन लहान होऊन शेतकऱ्याच्या पाठीवर आलंय. या सगळ्या इंजिनांना एकच नियम लागू पडतो: कार्बोरेटरच्या स्क्रूला हात सगळ्यात शेवटी लावायचा.

कारण साधं आहे. मोटारसायकलच्या फोर-स्ट्रोक इंजिनात ऑइल खाली वेगळं भरलेलं असतं. या टू-स्ट्रोकना ते पेट्रोलमध्ये मिसळूनच मिळतं, दुसरी वाट नाही. स्क्रू आवळून पेट्रोल कमी केलं की ऑइलही तेवढंच कमी होतं. गंमत अशी, की त्या वेळी इंजिनाचा आवाज खणखणीत होतो, रेस छान घेतं, धूर कमी होतो. मालक खूश. आत मात्र पिस्टन कोरडा घासत असतो. आधी कॉम्प्रेशन जातं, मग इंजिन जाम होतं.

म्हणून मी उलटीकडून सुरू करतो. पंप टेबलावर घेण्याआधी धुवून घेतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी दगावले, तेव्हापासून औषधाचा वास येणाऱ्या पंपाला हातमोज्याशिवाय हात लावत नाही. मग टाकी रिकामी करायची. जुनं पेट्रोल काचेच्या बाटलीत घालून थोडा वेळ ठेवायचं. 2025 पर्यंत आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं, आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पाणी फार झालं की बाटलीच्या तळाशी वेगळा थर बसतो. असं पेट्रोल फेकून द्यायचं. नवं घालताना टू-टी ऑइल अंदाजाने ओतायचं नाही. पंपाच्या पुस्तकात असेल तेवढंच, म्हणजे साधारण लिटरला 25 ते 40 मिली, मापून घालायचं.

पुढे प्लग. टोक चॉकलेटी असेल तर ठीक. काळं आणि ओलं असेल तर इंधन जास्त जातंय किंवा ठिणगी कमजोर आहे. पांढरंफटक असेल तर इंधन कमी पडतंय किंवा कुठून तरी फुकटची हवा आत येतेय. नंतर दोरी हळू ओढून बघायची; अडून जोर लागला तर कॉम्प्रेशन शाबूत. सायलेन्सर काढून भोक बघायचं, कार्बनने बुजलेलं इंजिन कितीही स्क्रू फिरवला तरी ओढत नाही.

"दहा मिनिटं चालतो आणि मग बंद" ही तक्रार असेल तर आधी टाकीचं झाकण सैल करा. झाकणातलं बारीक छिद्र मातीने बंद झालं की आत हवा जात नाही आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. चोक थोडा ओढल्यावर इंजिन सुधारत असेल तर इंधन कमी किंवा हवा जास्त. चालू इंजिनाच्या सांध्यांवर साबणाचं पाणी थेंबाथेंबाने सोडा. आवाज बदलला तिथे गळती. गॅस्केट किंवा ऑइल सील बदलली की तोच "बिघडलेला" कार्बोरेटर नीट वागतो.

मागच्या दिवाळीला पुण्याहून गावी आलेल्या एका पोराने रिमोटवर चालणारा खेळण्यातला नायट्रो ट्रक आणला. "काका, हे तुम्हाला जमेल का?" इंजिन जेमतेम तीन-साडेतीन सीसीचं, पण मिनिटाला तीस हजारांवर फेरे घेणारं. इंधन मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि ऑइल यांचं मिश्रण. ठिणगीचा प्लग नाही, कॉइल नाही. त्याच्या जागी ग्लो प्लग: रे आर्डेन या अमेरिकन माणसाने 1940च्या दशकात बाजारात आणलेला. त्यातली प्लॅटिनमची बारीक तार सुरुवातीला बॅटरीने तापवायची. पुढे मिथेनॉलच्या संपर्काने आणि ज्वलनाच्या उष्णतेने ती आपोआप लाल राहते.

बॅटरी काढली की ट्रक बंद पडत होता. पोराने कार्बोरेटरच्या सुया फिरवून फिरवून कारखान्याची सेटिंग हरवली होती. क्रम तोच ठेवला. उघड्या डब्यातलं इंधन आधी बाजूला केलं, कारण मिथेनॉलही पाणी ओढतं. ग्लो प्लग नवा घातला. इंधनाची नळी बदलली. सुया पुस्तकातल्या जागेवर आणल्या आणि मगच एकेक अष्टमांश फेरा. बारीक रेसवर नळी चिमटीत दाबली: लगेच बंद पडलं तर इंधन कमी, बराच वेळ चालत राहिलं तर जास्त, दोन-तीन सेकंदांत रेस किंचित वाढून बंद झालं तर बरोबर. पळताना मागे निळसर धुराची रेघ हवीच. ती ऑइल पोचल्याची पावती. दोरी अडकली तर ओढायची नाही. सिलिंडरमध्ये इंधन साचलेलं असतं. प्लग काढून, इंजिन उलटं धरून ते बाहेर काढायचं, नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि पेटलेल्या मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही, म्हणून जवळ ओलं फडकं ठेवायचं.

ऋतूचंही भान लागतं. आमच्या परभणी जिल्ह्यात मे महिन्यात हवा विरळ, डिसेंबरच्या पहाटे दाट. उन्हाळ्यात बसवलेल्या सेटिंगवर थंडीत इंधन कमी पडतं. तेव्हा स्क्रू थोडा सोडावा लागतो आणि लोक नेमका तो आवळतात.

हंगाम संपल्यावर पंपाची टाकी रिकामी करून, इंजिन पेट्रोल संपेपर्यंत चालवून ठेवा. नायट्रोला तर दर वेळी खेळ झाल्यावर आत ऑइलचे थेंब सोडावे लागतात, नाहीतर बेअरिंग गंजतात. आणि नवं इंजिन घरी आलं की पहिल्याच दिवशी स्क्रूच्या खाचेसमोर मार्करने खूण करा. पुढच्या वर्षी मिस्त्रीकडे याल तेव्हा त्याचं निम्मं काम ती खूणच करेल, आणि तुमच्या खिशातले पैसेही तीच वाचवेल.