रावी ओलांडली आणि फोन गप्प!

पुण्याहून जम्मूला जाणारी झेलम एक्स्प्रेस मोठी गमतीची गाडी आहे. नाव झेलमचं, पण झेलम नदी काही तिला भेटत नाही! ती पार वर श्रीनगरात वाहते. गाडी खाली तावीकाठीच थांबते. वाटेत मात्र नद्याच नद्या. गोदावरी, तापी, नर्मदा, चंबळ, सतलज, बियास. पठाणकोट मागं पडलं, की रावीचा रुंद पूल येतो. पलीकडे जम्मू-काश्मीर.

आमच्या डब्यात मनमाडचे एक आजोबा आणि त्यांचा नातू होता. पूल गेला, कठुआ जवळ आलं आणि नातू ओरडला, "आजोबा, रेंज गेली!"

"अरे, येईल. बोगदा असेल."

"बोगदा कुठला? सगळं सपाट तर आहे!"

समोरच्या बाकावर साताऱ्याकडचा एक जवान होता. सुट्टी संपवून निघालेला. तो हसला. "कार्ड प्रीपेड आहे ना, बाळ? मग जम्मूत पोचलास तरी रेंज येणार नाही. आजोबा, घरी कळवायचं असेल, तर माझ्या फोनवरून बोला."

दोस्तांनो, आपला देश मोबाइलच्या हिशेबात २२ विभागांत वाटलेला आहे. पूर्वी आपला विभाग ओलांडला, की 'रोमिंग'चे जादा पैसे पडत. आता त्याची कुणी आठवणही काढत नाही. पण जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड कार्ड चालतच नाही. फोन नाही, एसएमएस नाही, इंटरनेट नाही. शिल्लक कितीही असो! महिन्याच्या शेवटी बिल येतं ते पोस्टपेड कार्ड मात्र खुशाल चालतं.

असं का? कारण आहे सुरक्षेचं. प्रीपेड कार्ड खोट्या कागदांवर मिळवणं सोपं, ही सरकारची धास्ती. १ नोव्हेंबर २००९ पासून तर तिथल्या लोकांच्या प्रीपेड कार्डांवरही बंदी आली होती. ती जानेवारी २०१० मध्ये उठली.

हॉटेलात वायफाय मिळतं, मग झालं की काम, असं वाटेल. पण बँकेचा ओटीपी येतो एसएमएसनं, त्याच गप्प बसलेल्या नंबरावर! तेव्हा घरात कुणाचं तरी पोस्टपेड असलेलं बरं. नाहीतर तिथं पोचल्यावर ओळखीचा कागद दाखवून स्थानिक कार्ड घ्यावं. थोडी रोकड जवळ ठेवावी आणि हॉटेलचा पत्ता चक्क कागदावर लिहून घ्यावा.

आपली अडचण आठवडाभराची. तिथल्या मुलांचं काय झालं होतं, ठाऊक आहे? ५ ऑगस्ट २०१९ ला काश्मीरमध्ये फोन आणि इंटरनेट बंद झालं. पोस्टपेड फोन ऑक्टोबरात बोलू लागले, इंटरनेट जानेवारी २०२० मध्ये परतलं, तेही मुंगीच्या पावलांनी चालणारं टूजी. तेवढ्यात आला करोना! तुमची शाळा मोबाइलवर भरत होती ना? तशी त्यांचीही भरत होती, पण बहुतेक जिल्ह्यांत त्याच टूजीवर. बाईंचा चेहरा अडकायचा, धड्याची फाइल उतरता उतरत नसे. फोरजी सगळीकडे सुरू झालं फेब्रुवारी २०२१ मध्ये. म्हणजे दीड वर्षानं.

मनमाडच्या आजोबांचं घरी बोलणं झालं. नातवानं फोन खिशात टाकला आणि खिडकीशी सरकला. उत्तरेला डोंगर दिसू लागले होते.